भूगोलाची परिभाषा आणि परीक्षार्थी

लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी एक शंका विचारली. एका हिंदी मार्गदर्शिकेत तिने 'फारस की खाड़ी' हे नाव वाचले होते. परंतु मराठी नकाशासंग्रहात त्या नावाची खाडी तिला कोठेच आढळेना. जागा नकाशावर होतीच. तिच्यावर 'इराणचे आखात' असे छापलेले होते. शंका भूगोलाची असली तरी तिचे निरसन भाषेच्या अभ्यासकानेच करावयाचे होते, हे उघड आहे. अशा शंका वारंवार येतात. म्हणूनच प्राकृतिक व जागतिक भूगोलातील काही नित्याच्या संज्ञांचा विचार प्रस्तुत लेखात भाषेच्या अंगाने करण्याचे योजिले आहे. शास्त्रीय संज्ञा ही संक्षिप्त रूपात साठविलेले एक निरीक्षण असते. ती उलगडली तर ज्ञान टिकते. केवळ पाठ केली तर परीक्षेच्या दिवशीच दगा देते, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम जलविषयक संज्ञा पाहू. मराठीत 'खाडी' म्हणजे भरतीचे पाणी जेथवर आत शिरते असा नदीमुखाचा अथवा किनाऱ्याचा चिंचोळा भाग. ठाण्याची खाडी हे त्याचे परिचित उदाहरण होय. हिंदीत तोच शब्द विशाल जलाशयांना लावितात. हिंदीतील 'बंगाल की खाड़ी' म्हणजे आपला बंगालचा उपसागर, आणि 'फारस की खाड़ी' म्हणजे आपले इराणचे आखात. शब्द एकच, पण त्याची व्याप्ती दोन भाषांत भिन्न आहे. दोन जलाशयांना जोडणाऱ्या अरुंद जलपट्टीस मराठीत 'सामुद्रधुनी' म्हणतात. 'धुनी' या संस्कृत शब्दाचा अर्थ नदी. म्हणजे ही जणू समुद्राची नदीच. हिंदीने येथे डमरूची आकृती डोळ्यांपुढे ठेवून 'जलडमरूमध्य' हा शब्द घडविला. डमरूची दोन्ही तोंडे म्हणजे दोन जलाशय आणि मधली बारीक कंबर म्हणजे होर्मुझ किंवा पाल्क यांसारखी सामुद्रधुनी. याच्या उलट, दोन भूखंडांना जोडणारी चिंचोळी भूमी म्हणजे मराठीतील 'संयोगभूमी' व हिंदीतील 'स्थलडमरूमध्य'. सुएझ येथे १८६९ साली आणि पनामा येथे १९१४ साली जे कालवे वाहतुकीस खुले झाले, ते अशा संयोगभूमींतूनच खोदलेले आहेत. सामुद्रधुनी पाण्याला जोडते आणि भूमीला विभागते. संयोगभूमी भूमीला जोडते आणि पाण्याला विभागते. एवढे ध्यानात राहिले म्हणजे व्याख्या निराळी पाठ करावी लागत नाही.

असेच काही फसवे शब्द आणखीही आहेत. हिंदीतील 'भूमध्य रेखा' म्हणजे आपले विषुववृत्त. भूमध्य समुद्राशी तिचा काहीही संबंध नाही. हिंदीतील 'देशांतर' म्हणजे आपले रेखांश; मराठीत मात्र या शब्दाने परदेशगमन किंवा स्थलांतर सूचित होते. मराठी पाठ्यपुस्तके 'हवा' आणि 'हवामान' यांत भेद करतात : हवा ही त्या त्या वेळेची स्थिती, तर हवामान हे दीर्घकालीन सरासरीचे रूप. व्यवहारात आपण 'हवामानाचा अंदाज' म्हणतो, तेव्हा हा भेद पाळीत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र तो पाळावाच लागतो. 'घाट' या शब्दाची कथाही अशीच आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट. बोरघाट, थळघाट ही नावे त्याची साक्ष देतात. परकीयांनी वाटेचे नाव सबंध पर्वतरांगेस दिले आणि सह्याद्रीचा 'पश्चिम घाट' झाला.

आता 'अक्षांश' या संज्ञेकडे वळू. अक्ष म्हणजे आस. पृथ्वीच्या आसाचे उत्तर टोक आकाशात जेथे रोखलेले आहे, त्याच्या अगदी निकट ध्रुवतारा दिसतो. आणि तो बिंदू क्षितिजापासून जितक्या अंशांवर असतो, तितकेच त्या स्थळाचे अक्षांश असतात. सोलापूर सुमारे १७° ४०' उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून येथील ध्रुवतारा क्षितिजापासून अठरा अंशांच्या आतबाहेरच दिसतो. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास व ऑगस्टच्या आरंभी, भर मध्यान्ही ठीक डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. रेखांशाचेही असेच आहे. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखांशावरून ठरते. सोलापूर सुमारे ७५° ५५' वर आहे. अंतर साधारण साडेसहा अंशांचे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने ते सव्वीस मिनिटे भरते. यास्तव सोलापूरची मध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होते. हे गणित एकदा आपल्या गावासाठी केले म्हणजे जगातील कोणत्याही शहरासाठी करता येते.

परंतु आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची संज्ञा 'पर्जन्यछाया' ही होय. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या वातसन्मुख उतारावर चढतात, प्रसरण पावून थंड होतात आणि तेथेच पाऊस सांडतात. वातविन्मुख बाजूस उतरताना ते दाबले जाऊन तापतात आणि त्यांची सापेक्ष आर्द्रता घटते. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरांवर असलेल्या वाईस १,००० मिलीमीटरही पडत नाही. सोलापूर तर याहूनही बरेच पूर्वेस आहे. दक्षिण अमेरिकेत पश्चिमी वारे अँडीजवर आदळतात. तेव्हा दक्षिण चिली ओलाचिंब होतो आणि पूर्वेकडील पॅटागोनिया कोरडा राहतो. तत्त्व तेच, केवळ दिशा निराळी.

येथे रूपकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. 'छाया' म्हटले की ती अखंड आहे असे वाटते. वस्तुतः ही छाया वाऱ्याची आहे, आणि वारा बदलला की तीही बदलते. सोलापुरात सर्वाधिक पाऊस जुलैत नव्हे, तर सप्टेंबरात पडतो. त्या काळी नैर्ऋत्य वाऱ्यांचा जोर ओसरू लागतो आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा व मेघगर्जनेसह येणाऱ्या सरींचा प्रभाव वाढतो. हा पाऊस वेळेवर येवो अथवा न येवो, यावरच येथील रब्बी हंगाम अवलंबून असतो.

तो हंगाम समजण्यास आणखी दोन शब्द उलगडावे लागतात. 'डेक्कन ट्रॅप' यातील 'डेक्कन' हे आपल्याच 'दक्षिण' या शब्दाचे परक्या मुखातून परतलेले रूप, आणि 'ट्रॅप' हा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून जी पायऱ्यांसारखी भूरचना झाली, तिचे वर्णन त्या नावातच आहे. या बेसाल्ट खडकाच्या विदारणाने जी काळी मृदा निर्माण झाली, तिची 'रेगूर' ही संज्ञा तेलुगूतील 'रेगडि' या शब्दाशी निगडित आहे. ज्या शहराच्या पूर्व भागातील विणकरवस्तीत तेलुगू घरोघरी बोलली जाते, तेथील विद्यार्थ्याने हा शब्द परका समजावा, हे नवलच म्हटले पाहिजे. ही मृदा ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. सप्टेंबरच्या पावसाची ही साठलेली ओल पिऊनच मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हिवाळाभर वाढते. खडक, मृदा, पाऊस आणि पीक या चार प्रकरणांत विभागलेला अभ्यासक्रम येथे एका शेतात एकत्र येतो. 'मान्सून' हा शब्द तरी कोठला? ऋतू या अर्थाचा अरबी 'मौसिम' फारसीमार्गे मराठीत 'मोसम' झाला. तोच पोर्तुगीज व इंग्रजांच्या मुखातून 'मान्सून' होऊन पुन्हा आपल्याकडे आला.

शेवटी नदीविषयी. भीमाशंकरी उगम पावलेली भीमा पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे ती चंद्रभागा म्हणविते, असे परंपरा सांगते. भूगोल यास नागमोडी वळण म्हणतो : बाहेरचा काठ झिजतो, आतल्या काठावर गाळ साचतो. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे तिला सीना मिळते. तेथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, लेख प्राचीनतम मराठी शिलालेखांत गणला जातो, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगणे नलगे. पण 'कूडल' या कन्नड शब्दाचा अर्थच संगम आहे. तेव्हा 'कुडलसंगम' म्हणताना आपण एकच भौगोलिक सत्य दोन भाषांत उच्चारतो. भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर 'त्रिभुज प्रदेश' निर्माण करते. पाश्चात्त्यांनी त्या आकारास ग्रीक वर्णमालेतील 'डेल्टा' या त्रिकोणी अक्षराचे नाव दिले; मराठीने अक्षर सोडले आणि त्रिकोण राखला.

परीक्षार्थींनी प्रत्येक संज्ञेस चार प्रश्न विचारावेत : तिचा शब्दशः अर्थ काय, ती कोणत्या भाषेतून आली, हिंदीत व इंग्रजीत तिचा प्रतिशब्द कोणता, आणि तिचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे काय? नसल्यास ते का नाही, हाही अभ्यासच होय. हा खटाटोप केवळ गुणांसाठी नाही. याच परीक्षांतून निवडलेले अधिकारी उद्या तालुक्यांच्या कचेऱ्यांत बसून पर्जन्यमानाचे तक्ते वाचतील आणि टंचाईचे अहवाल लिहितील. १९७२ चा दुष्काळ ज्या घरांनी भोगला, त्या घरांतील नातवंडे आज आमच्या वर्गात आहेत. 'अवर्षण' हा त्यांना चार पर्यायांपैकी एक पर्याय वाटू नये, एवढीच अपेक्षा.