बर्फाचं वेळापत्रक सरकतंय

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’ चालतो. नळातलं पाणी गोठवणारी थंडी आणि भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांनी आणलेला बर्फ, हे त्याचं नेहमीचं रूप. अलीकडे मात्र हे दिवस अनेकदा कोरडे जातात. जानेवारी २०२४ च्या मध्यापर्यंत गुलमर्गच्या उतारांवर सुकलेलं गवत उघडं पडलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या.

पर्यटकांचा हिरमोड होतोच, पण खरा घोर पाण्याचा आहे. ऐन थंडीतला बर्फ थरावर थर दाबला जाऊन घट्ट बसतो आणि पुढे सावकाश वितळत झरे, ओढे आणि झेलम यांना पाणी पुरवतो. फेब्रुवारी-मार्चचा बर्फ चढत्या उन्हात चटकन वाहून जातो. तापमान वाढेल तसा खालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस वाढत जाणार. सफरचंदालाही थंडीची पुरेशी विश्रांती लागते. उबदार फेब्रुवारीत कळ्या लवकर फुटल्या, तर मागून आलेला थंडीचा एखादा कडाका बहर जाळून टाकतो.