संकटकाळांतील प्रार्थना

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगांव हें स्थानक लागतें. तेथून माहुलीचे सुळके दिसतात. मुंबईच्या नोकरीसाठीं पहांटे घर सोडणाऱ्यांना येथील गाड्यांचें वेळापत्रक तोंडपाठ असतें. २०२० च्या मार्चमध्यें त्या गाड्या एकाएकीं थांबल्या. जवळच्या मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर गांठोडीं घेतलेलीं माणसें आपल्या मुलखाकडे पायीं चाललीं होतीं. अशा वेळीं जेथें आधार मागावयाचा, तीं देवळेंहि बंद होतीं. राज्यांतील प्रार्थनास्थळें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, आणि पुढच्या वर्षीं पुन्हा कांहीं महिने मिटलीं. आषाढीला पायीं दिंड्या निघाल्या नाहींत. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस्. टी.च्या गाडींतून पंढरीस गेल्या.

मग प्रार्थना करावयाची कोठें? हा प्रश्न नवा नाहीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी तें लिहून घेत. सहाव्या अध्यायाच्या वेळीं विनोबांनीं ध्यानासाठीं एकाग्रता तर मागितलीच. पण तिच्या जोडीला जीवनाची परिमितता आणि समदृष्टि हींहि मागितलीं. आपण नेमकी परिमितता विसरतों. मध्यरात्रीपर्यंत मृतांचे आंकडे ऐकत बसावें आणि सकाळीं डोळे मिटतांच मन स्थिर व्हावें, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते. बातमी दिवसांतून एकदां ऐकणें हा ध्यानाचाच पूर्वभाग समजावा.

कसाऱ्याचा घाट चढून गेलें कीं इगतपुरी लागते. तेथील विपश्यना केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशांतील व्यापारी. असह्य अर्धशिशीमुळें ते ज्या गुरूंकडे गेले, ते ऊ बा खिन सरकारी हिशेबखात्यांतील वरिष्ठ अधिकारी होते! दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिरांत आरंभीं केवळ येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा असतो. मन पळतेंच, पळालें हें ध्यानांत येतांच त्याला न रागावतां परत आणावयाचें, एवढाच अभ्यास.

नामस्मरणानें हेंच निराळ्या वाटेनें घडतें. लयबद्ध म्हणतांना श्वास आपोआप लांबतो. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाविया येथील संशोधनांत जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सुमारें सहावर आलेला आढळला. रक्तदाबाचें नियमनहि सुधारलें. देव ऐकतो कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडूं. शरीर मात्र ऐकतें. तरीहि आठवडेच्या आठवडे झोंप उडालेल्यानें, किंवा डोळे मिटतांच ज्याची भीति वाढते त्यानें, डॉक्टरांकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये.

त्या वर्षीं आमच्या घरचें एक माणूस रुग्णालयांत होतें, आणि भेटीस बंदी होती. आईनें रोज सायंकाळीं सात वाजतां हरिपाठ सुरू केला. पहिले आठ दिवस माझें अर्धें लक्ष दूरध्वनीकडे. एके दिवशीं मध्येंच घंटा वाजली. आईनें हातानें मला थांबविलें, चालूं अभंग पुरा केला, मग उठली. वार्ता चांगली नव्हती. तिनें ती शेवटपर्यंत ऐकली, आणावयाच्या औषधाचें नांव पाटीवर लिहिलें, आणि मला चपला घालावयास सांगितलें.