गावचे रान आणि मुंबईतील हिस्सेदार

कोकणच्या डोंगरउतारावरील रान हा केवळ लाकडाचा साठा नव्हे. पावसाचे पाणी जमिनीत जिरविणे, झरे व विहिरी जिवंत ठेवणे आणि डोंगरावरची माती भातखाचरांत येण्यापासून थोपविणे ही कामे ते करीत असते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत यांपैकी बरेचसे रान सरकारी नसून खाजगी मालकीचे आहे. एकेका सातबारा उताऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे सामाईक असतात आणि त्यांतील कित्येक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे राहतात. त्यामुळे गावच्या रानाचे भवितव्य पुष्कळदा मुंबईतील एखाद्या खोलीत ठरते.

सामाईक जमिनीतील कोणीही हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. खरेदीदार पुढे वाटणी मागतो, आणि रान राखू इच्छिणाऱ्या बाकीच्या भाऊबंदांना तोड पाहत बसावे लागते. हे टाळावयाचे असल्यास वेळीच लेखी व्यवस्था केली पाहिजे.

केवळ नियम का पुरत नाही?

याचा अनुभव परळ-लालबागच्या रहिवाशांनी घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक कापडगिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीचा विकास करताना तिचे साधारणपणे तीन वाटे करावेत, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, दुसरा घरांसाठी म्हाडाला व तिसरा मालकाला, अशी तरतूद १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणीसाठी फक्त बांधकाम नसलेली जमीन धरली जाऊ लागली आणि सार्वजनिक वाटा पुष्कळच घटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला.

यावरून घ्यावयाचा बोध असा की, शासनाने केलेला नियम शासन बदलू शकते. जमिनीचे खरे संरक्षण तिच्यावरील हक्क मालकाखेरीज दुसऱ्या विश्वासू हाती लेखी दिल्यानेच होते.

परदेशातील पद्धत

दुसऱ्याच्या शेतातून जाण्याची वाट किंवा पाण्याचा पाट यांचा हक्क शेतकऱ्यांना परिचित आहे. कायद्यात त्यास सुविधाधिकार म्हणतात. अमेरिकेत याच कल्पनेचा उपयोग जमीन राखण्यासाठी करतात. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरिन परगण्यात १९८० मध्ये एलन स्ट्रॉस व फिलिस फेबर यांनी शेतजमिनी वाचविण्यासाठी संस्था स्थापन केली. तेथील शेतकरी जमिनीवर वसाहत उभारण्याचा हक्क मोबदला घेऊन कायमचा त्या संस्थेस देतो. जमीन त्याच्याच नावे राहते. तो ती कसतो, विकतो, वारसांस देतो. परंतु पुढील कोणत्याही मालकास ते बंधन मोडता येत नाही.

आपल्याकडे मात्र १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असावा लागतो. ज्या संस्थेची शेजारी जमीन नाही, तिला तो मिळत नाही. म्हणून आपणांस अन्य मार्ग योजावे लागतात.

उपलब्ध मार्ग

पहिला मार्ग संरक्षण कराराचा. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर तालुक्यात खाजगी रानांच्या मालकांशी असे करार करीत आली आहे. मालक ठराविक मुदतीपर्यंत रान न तोडण्याचे मान्य करतात व संस्था त्यांस साहाय्य देते. बेहड्यासारखी फळे झाड उभे ठेवून गोळा केल्यास उत्पन्नही मिळते. शिवाय बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. या मार्गाची मर्यादा अशी की, करार मुख्यतः सही करणारांना बांधतो. पुढील खरेदीदारावर तो लागू करणे कठीण जाते.

दुसरा मार्ग जमीन सार्वजनिक विश्वस्त संस्थेस नोंदणीकृत दानपत्राने देण्याचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये अशा संस्थेस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून जमीन विकता येत नाही. येथे मालकी मात्र सुटते आणि दान मनास येईल तेव्हा परत घेता येत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्यास देण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चे बंधन असल्याने आधी परवानगी मिळवावी लागते. हिस्सेदाराला फक्त आपलाच हिस्सा देता येतो. सबंध गटासाठी सर्वांच्या सह्या हव्यात.

कुटुंबातील दानपत्रात ‘ही जमीन कोणी कधीही विकू नये’ एवढे लिहून भागत नाही. विक्रीस सर्वस्वी मनाई करणारी अट कायद्याने निरर्थक ठरते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. गटाचा सातबारा उतारा काढून मयत खातेदारांच्या वारसनोंदी प्रथम पूर्ण करून घ्याव्यात.

२. मोजणी करून हद्दी कायम कराव्यात. झरे, मोठी झाडे व देवराई नकाशावर दाखवावीत.

३. मुंबईतील ग्रामस्थ मंडळामार्फत हिस्सेदारांस कळवावे. गणपती किंवा शिमग्यास सर्वजण गावी येतात, तेव्हा बैठक घ्यावी.

४. चराई, वाळलेले सरपण, फळे, मध यांपैकी काय चालू राहील आणि सरसकट तोड, खाणकाम, यंत्राने सपाटीकरण यांपैकी काय बंद राहील, हे स्पष्ट लिहावे.

५. दस्त वकिलास दाखवून नोंदवावा, व दरवर्षी एकदा सर्वांनी मिळून रानाची पाहणी करावी.

हिस्सेदारांची संख्या प्रत्येक पिढीत वाढते आणि एकमत दरवेळी अधिक अवघड होते. जाणती माणसे हयात आहेत आणि हद्दी त्यांच्या स्मरणात आहेत, तोवर हे काम पुरे करणे हिताचे होय.