माणसं मोजताना : एक जूनची पिढी

कोकणातलं संगमेश्वर आणि मुंबईतलं लालबाग यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवायचं मागच्या लेखात कबूल केलं होतं, ते आज होत नाही. लांज्याच्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. त्या लेखातले जनगणनेच्या ‘मुख्य’ (वर्षातले सहा महिने किंवा जास्त) आणि ‘सीमांतिक’ (त्याहून कमी) काम करणाऱ्यांचे वयोगट वाचून ते विचारतात, “तुम्ही या वयाचे इतके, त्या वयाचे तितके असं ठोकून देता, पण ही वयं घातली कोणी? आमच्या पंचक्रोशीची तर मीच घातली!”

गुरुजी खरंच बोलतात. जन्माची नोंद सक्तीची करणारा देशभराचा कायदा १९६९चा; तो वाडीवस्तीवर मुरायला आणखी वर्षं गेली. तोवर पोराला शाळेत आणणारा बाप सांगणार, “शिमग्याच्या पुढंमागं झाला.” मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. बोटं कानाला पोचली की पोर शाळेच्या वयाचं. शाळा जूनमध्ये उघडणार, तेव्हा वय पुरं भरायला हवं; म्हणून दाखल्यावर तारीख १ जून. भावंडंच्या भावंडं एकाच तारखेची, फक्त साल वेगळं. महाराष्ट्रात असं एखादं घर माहीत नाही, असा वाचक विरळा.

या तारखेचा नोकरीतला पडसाद तर दर वर्षी दिसतो. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ पुरी झाल्यावर त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात. मात्र जन्म पहिल्या तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मेला कचेऱ्या-कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची झुंबड. निसर्गानं माणसं बारा महिन्यांत वाटून जन्माला घातली. शाळेनं त्यांना एका दिवशी गोळा केलं आणि सरकारनं एकाच दिवशी घरी धाडलं.

आता जनगणनेकडे या. २०११च्या गणनेचा संदर्भदिन १ मार्च, आणि वय लिहायचं ते पुरी झालेल्या वर्षांचं. १ जून १९७१चा माणूस त्या दिवशी ३९ वर्षं नऊ महिन्यांचा, म्हणजे नोंद ३९. पण प्रगणक दारात उभा असताना एवढा हिशेब कोण करतो? “चाळीस लिहा!” झालं. माणूस ३५–३९च्या गटातून उठून पुढच्या गटात जाऊन बसला.

ज्यांना तारीखच ठाऊक नाही, त्यांचं तर विचारू नका. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत २०१३ साली वयं विचारत फिरत होतो. ओटीवर कुळीथ पाखडत बसलेल्या एका बाईंनी सूप न थांबवता सांगितलं, “पन्नास.” कोयनेचा भूकंप आठवतो का, विचारलं. त्यांना आठवत नव्हता; पण भूकंपाच्या पहाटे आई आपल्याला काखेत घेऊन अंगणात धावली आणि तेव्हा आपण नुकत्या चालायला लागलो होतो, हे घरात नेहमी सांगितलं जायचं. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. म्हणजे बाई ४७च्या आसपास. हे सांगितल्यावर सूप थांबलं. “मग पन्नासच झाली ना!”

शून्य आणि पाच यांच्याकडे वयं अशी घरंगळतात. ते मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. २३ ते ६२ या वयांतले शून्य-पाचवर संपणारे लोक मोजायचे आणि ते सगळ्यांच्या एक पंचमांशाच्या शेकडा किती भरतात ते पाहायचं. वयं चोख असतील तर उत्तर १००. प्रत्येकानं गोल आकडाच सांगितला तर ५००. लोकसंख्येचा एकेका वयाचा तक्ता निघतो, म्हणून हा दोष दिसतो तरी. काम करणाऱ्यांचा तक्ता गटागटानं येतो. तिथे तो गटाच्या पोटात लपतो.

सगळ्यात वाईट गत साठीच्या उंबरठ्यावर. कामाचं वय १५ ते ५९ धरायचा प्रघात आहे. पण शेतात राबणारा ५८चा माणूस “साठ” म्हणतो, तर कचेरीतला ५८चा माणूस दिवसासकट वय सांगतो आणि निवृत्तही झालेला असतो. म्हणजे साठीच्या पलीकडे ढकलली जातात ती मुख्यत: अजून कामावर असलेली माणसं. मग म्हातारपणी काम करणाऱ्यांचं प्रमाण असतं त्याहून थोडं फुगतं. ‘थोडं’ म्हणतो, कारण निवृत्तिवेतन नसलेला माणूस साठीनंतरही नांगर धरतो, हे वास्तव आकड्यांच्या या चाळ्यानं खोटं ठरत नाही.

तेव्हा गुरुजी, उत्तर असं : चाळीस आणि साठ या कुंपणांवरचे आकडे जपून वाचायचे, आणि माणसांच्या संख्येपेक्षा शेकडा प्रमाणावर जास्त भरवसा ठेवायचा, कारण वय सरकलं तर कामकरी आणि बिनकामकरी दोघांचंही बऱ्याच अंशी सरकतं. तरीही काही आकडे कुठल्याच घरंगळण्यानं समजावता येत नाहीत. २०११मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. ही काही मास्तरांच्या लेखणीची करामत नव्हे; ती माणसं गाडीत बसून गेलेली आहेत.

पुढच्या गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. प्रगणक आला, तर एक जूनवाल्यांनी कृपया एक वर्ष कमी सांगावं. ते खोटं ठरणार नाही. संगमेश्वर-लालबाग पुढच्या आठवड्यात, दुसरं पत्र आलं नाही तर.