मूषकवाहन आणि वाहनांतील मूषक

आमच्या पिंप्राळ्यास दरसाल आषाढी एकादशीला पांडुरंगाचा रथ निघतो. जळगांवचा श्रीरामरथ कार्तिकांत, प्रबोधिनी एकादशीस ओढला जातो. म्हणजे चातुर्मासाच्या दोन्ही टोंकांस येथें एकेक रथ चालतो. वर्षांतून एकदां चालणारें वाहन बाकीचा काळ उभें राहतें, आणि उभ्या वाहनाची काळजी चालत्या वाहनाहून अधिक घ्यावी लागते, हें रथाच्या सेवेकऱ्यांस सांगावयास नको. परंतु अलीकडे मध्यम स्थितींतील कुटुंबांतही वर्षाकांठीं दोन-तीन वेळांच रस्त्यावर येणारीं वाहनें दिसूं लागलीं आहेत, आणि त्यांच्या मालकांस ही गोष्ट अद्याप नीटशी उमगलेली दिसत नाहीं.

आमचा रोख, ज्यास कॅरॅव्हॅन म्हणतात त्या फिरत्या घराकडे आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाविषयीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. तथापि धोरण येण्याच्या पुष्कळ आधीं आपल्या वारकऱ्यांनीं घर चाकांवर चढविलें होतें. मुक्ताईनगराहून मुक्ताबाईंची पालखी पंढरीस जाते. अशा दिंड्यांच्या मागून धान्य, तंबू, अंथरुणें व शेगड्या घेऊन चालणारी मालमोटार म्हणजे दुसरें काय आहे? आमच्या आळींतील एका एकत्र कुटुंबानें तीन वर्षांपूर्वीं एक जुनी प्रवासी मोटार विकत घेऊन तींत निजावयाचीं बाकें, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी व भिंतीलगत कपाटें बसवून घेतलीं. तिघे बंधू, त्यांच्या बायका, मुलें आणि चौऱ्यायशीं वर्षांच्या आजी, असा सर्व गोतावळा तींतून सप्तशृंगीस जाऊन आला. प्रवास संपला कीं गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपरांत उभी राही. शेजारीं कडब्याच्या पेंढ्या व सरकीचें पोतें. यापुढील हकीकत चाणाक्ष वाचकांनीं ताडलीच असेल.

गेल्या मार्गशीर्षांत ही मंडळी घृष्णेश्वराचें दर्शन घेऊन परतत होती. कन्नडचा घाट उतरत असतां ऐन वळणावर गाडीचे पुढचे दिवे एकाएकीं मालवले. गाडींत अकरा माणसें, बाहेर मिट्ट काळोख, एका अंगास दरी. चालविणारे मधले बंधू शांत डोक्याचे म्हणून त्यांनीं डोंगराच्या अंगास गाडी टेकवून उभी केली. मागून येणाऱ्या एका भल्या गृहस्थानें आपल्या दिव्यांच्या उजेडांत त्यांस खालपर्यंत आणून सोडलें. चाळीसगांवीं कारागिरानें बॉनेट उघडलें तेव्हां तारांवरचें आवरण वीतभर सोललेलें, तांबें उघडें पडलेलें, आणि जवळच गादीच्या कापसाचें मऊ घरटें! त्या घरट्यांत डोळे न उघडलेलीं पांच पिलें होतीं. दोन उघड्या तारा एकमेकींस लागून ठिणगी पडती आणि शेगडीचा गॅस कोठें झिरपत असता, तर काय झालें असतें याचा विचार आम्हांस करवत नाहीं.

घरीं आल्यावर या प्रकरणास निराळेंच वळण लागलें. आजींनीं निक्षून सांगितलें कीं, उंदीर मारावयाचा नाहीं, तें गणपतीचें वाहन आहे. थोरले चिरंजीव म्हणाले, "आई, तें गणपतीचें वाहन असेल, पण हें आपलें आहे, आणि त्यांत तूंही बसतेस." बाजारांतून विषाची पुडी आलीही होती. शेवटीं वाद आमच्याकडे आला. "गुरुजी, तुम्हीच आईला समजावा," असें चिरंजीव म्हणाले खरे. परंतु विचारांतीं आमचें मत आजींच्या बाजूस पडलें, आणि तें निव्वळ श्रद्धेमुळें नव्हे.

विष मोटारींत ठेवूं नये, याचीं कारणें अगदीं रोकडीं आहेत. ब्रोमाडिओलोनसारखें औषध रक्त गोठूं देत नाहीं. तें खाल्लेला उंदीर कांहीं दिवसांनीं मरतो, आणि बहुधा हात पोंचणार नाहीं अशा पोकळींत मरतो. असा उंदीर खाणारें घुबड किंवा मांजरही त्याच विषानें जातें. झिंक फॉस्फाइड पोटांतील आम्लांत मिसळतांच फॉस्फिन नांवाचा वायु सोडतें. धान्याच्या कोठारांतील ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांस तर हवेंतील दमटपणाही पुरतो. बंद जागेंत त्या वायूनें निजलेलीं माणसें दगावलीं आहेत. ज्या चार भिंतींत मुलें निजतात तेथें ही वस्तु नेऊंच नये. डांबराच्या गोळ्यांसही आमचा विरोध आहे. त्यांनीं उंदीर फारसा हटत नाहीं, आणि कोंडलेल्या गाडींत त्यांची वाफ लहान अर्भकांस, विशेषतः ज्यांच्या रक्तांत एक जन्मजात दोष असतो त्यांस, घातक होते. कानांस न ऐकूं येणारा आवाज काढणारीं यंत्रें पुष्कळ घेतात. परंतु उंदीर त्या आवाजास लौकरच सरावतो. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानें तर २००१ सालीं असल्या यंत्रांच्या साठांहून अधिक उत्पादकांस व विक्रेत्यांस, तुमच्या जाहिरातींतील दाव्यांस शास्त्रीय आधार असला पाहिजे, अशी ताकीद दिली होती.

मग करावें काय? आपल्या पूर्वजांनीं उंदरास दिलेलीं नांवें पाहिलीं तरी पुष्कळ उलगडा होतो. मूषक हा शब्द मुष् म्हणजे चोरणें या धातूपासून आला, आणि आखु म्हणजे उकरणारा. हीं दोन्ही नांवें अमरकोशांत आहेत. आजचे प्राणिशास्त्रज्ञ या सर्व जातीस कृंतक, म्हणजे कुरतडणारे, म्हणतात. या प्राण्यांचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. दांताची पुढची बाजू कठीण व मागची मऊ असल्यामुळें ते झिजतांना पटाशीसारखे धारदार होत जातात. तेव्हां तार कुरतडणें ही त्याची भूक नव्हे, खोडीही नव्हे. हल्लीं तारांच्या आवरणांत सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर तें खातात, असा अमेरिकेंत मोठा बोभाटा झाला व कोर्टकज्जेही झाले. परंतु सोयाबीन नव्हतें तेव्हांही तारा कुरतडल्या जातच होत्या. होंडा कंपनी मिरचीच्या तिखटाचा अंश असलेली एक चिकटपट्टी तारांवर गुंडाळण्यासाठीं विकते. तिखट सस्तन प्राण्यांस झोंबतें, पक्ष्यांस झोंबत नाहीं, असा त्यांतला गुण आहे. खानदेशांत मिरचीस तोटा नाहीं म्हणून कोणी गाडींत नुसती पूड मात्र उधळूं नये! पंखा लावतांच ती पोरांच्या डोळ्यांत जाईल.

सर्वांत मोठें काम भोंकें बुजविण्याचें. लहान उंदरास ६ मिलिमीटर, म्हणजे साध्या पेन्सिलीएवढी फट पुरते. मोठ्यास १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. डोकें शिरलें कीं धड शिरतें. या गाडीचीं भोंकें शोधण्यासाठीं अमावास्येच्या रात्रीं आंत दिवा लावून दोघे नातू सतरंजी घालून गाडीखालीं उताणे निजले, आणि जेथें जेथें उजेडाची तिरीप दिसली तेथें खडूनें खूण केली. सतरा खुणा निघाल्या. पाण्याची नळी, गॅसची नळी, पायटीखालचा पत्रा आणि दाराचें फाटलेलें रबर हीं मुख्य स्थानें होतीं. समोरच्या कांचेखालीं हवा आंत घेण्याची जाळी असते, तेथूनही उंदीर थेट पंख्याच्या पेटींत उतरतो. चिंध्या, स्पंज किंवा लांकूड कोंबून उपयोग नाहीं. तें सर्व दांतांस सोपें. भांडीं घासावयाच्या तारेच्या घासणीचा बोळा घट्ट बसवून वरून लुकण भरावें, आणि मोठ्या तोंडांवर ६ मिलिमीटरच्या आंतील घराची जस्ती जाळी पक्की करावी. मात्र एक सावधगिरी सर्वांनीं लक्षांत ठेवावी. शेगडीच्या खणांत तळाशीं जें छिद्र असतें तें बुजवूं नये. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यानें गळतीच्या वेळीं तो तेथूनच खालीं निघून जातो. तेथें फक्त जाळी लावावी. पावसाचें पाणी वाहून जाण्याच्या वाटाही तशाच मोकळ्या असाव्यात.

चोरास चोरण्याजोगें कांहीं ठेवूं नये, हें घरांतील स्त्रियांनीं आमच्याहून चांगलें जाणलें. कपाटांतून काय काय निघालें! प्रसादाचे फुटाणे, शेंगदाण्याची पुरचुंडी, मुलांच्या बिस्किटांचा चुरा, साबण, आणि तुपांत भिजवलेल्या वातींची डबी. तूप-कापूस, म्हणजे अन्न आणि बिछाना एकाच ठिकाणीं! आतां प्रवास संपतांच शिधा स्टीलच्या डब्यांत घालून घरांत येतो, गाद्या माळ्यावर जातात, कपाटांचीं दारें उघडीं राहतात. कडबा व सरकी दूर हलविली. छपराभोंवतालचीं बिळें बुजविलीं. पावसानें बिळांत पाणी शिरलें कीं आणि पुढें पिकें निघून शेतें मोकळीं झालीं कीं उंदीर वस्तीकडे येतात, म्हणून या दोन्ही वेळीं तपासणी दुप्पट करावी. दर आठवड्यास गाडी गांवाबाहेर पांच-सात मैल फिरवून आणणें हाही चांगला उपाय. तितक्यानें बॅटरीही जिवंत राहते.

जे उंदीर आधींच आंत होते त्यांच्यासाठीं पिंजरा लावला. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो, म्हणून पिंजरा पहिले कांहीं दिवस तसाच उघडा ठेवून त्यांत सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवावा, आणि तो निर्धास्तपणें खाऊं लागला कीं मग चाप लावावा. पिंजरा भिंतीस लागून असावा, कारण तो मोकळ्यावरून सहसा जात नाहीं. पकडलेले सोडावयाचे कोठें, यावर पुन्हां एक सभा भरली. दुसऱ्याच्या शेतांत नेऊन सोडणें ही अहिंसा कीं नुसती बदली, असा आमचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

सफाईविषयीं मात्र हयगय नको. मुंबईंत १८९६ सालीं गाठीचा प्लेग आला. उंदरावरील पिसवांमुळें तो पसरतो हें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून दाखविलें. १९९४ सालीं सुरतेंत प्लेगाची आवई उठली तेव्हां तापी खोऱ्याच्या रेल्वेनें येणाऱ्या पाहुण्यांकडे जळगांवकर कसे पाहत होते, तें आम्हांस चांगलें आठवतें. उंदराच्या मुतानें होणारा लेप्टोचा ताप तर २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर घरोघर माहीत झाला. म्हणून लेंड्या दिसल्या कीं कोरडी केरसुणी फिरवूं नये, धुळीबरोबर रोग नाकांत जातो. आधीं दारें-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्या. हातमोजे व तोंडास आच्छादन घालून एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांनीं ती जागा भिजवावी, पांच मिनिटें थांबावें, मग कागदानें टिपून घ्यावी.

गेल्या आषाढींत आजी याच गाडीनें पंढरपुरास जाऊन आल्या. हल्लीं गाडींत दाराशीं एक पत्रा ठेवून त्यावर रोज संध्याकाळीं रांगोळी भुरभुरतात. पीठ नव्हे, पीठ म्हणजे आमंत्रणच. सकाळीं शाळेस जाण्यापूर्वीं धाकटी नात पावलें उमटलीं आहेत कीं काय तें पाहून वहींत लिहून ठेवते. आजवर त्या वहींत एका पालीची नोंद आहे.