आधी घरच्या सीड्या उतरवा

इंदूरला बडा गणपतीच्या चौकापासून चार पावलांवर आमचं जुनं घर आहे. दिवाळीच्या साफसफाईत तिथल्या माळ्यावरून सीड्यांचे दोन डबे निघाले. एकात विकत आणलेल्या: अमीर खाँसाहेबांचे मारवा आणि दरबारी, कुमारांची निर्गुणी भजनं, नाट्यगीतांचे संच. दुसऱ्यात बाबांनी जुन्या कॅसेटींवरून स्वतः राइट केलेल्या. पांढरी कागदी पाकिटं, आणि सीडीवरच बॉलपेनने लिहिलेलं: ‘गणेशोत्सव, ताईचं गाणं’. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, हल्लीच्या लॅपटॉपला सीडी लावायची जागाच नसते. आणि हे सगळं नेटवर आहेच की.’’ पहिल्या डब्यापुरतं त्याचं बरंचसं खरं होतं. ताई म्हणजे माझी आत्या. तिचं गाणं त्या एका चकतीखेरीज जगात कुठेही नाही.

जेल रोडवरून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह आणला आणि कामाला लागलो. पण त्याआधी पंधरा वर्षांपूर्वीची माझी चूक सांगायला हवी, कारण ती आजही अनेकांकडून होते. तेव्हा सीडी लावल्यावर ‘ट्रॅक01.सीडीए’ अशा फायली दिसल्या, त्या ओढून डेस्कटॉपवर टाकल्या. दोन सेकंदांत काम झालं. मग सीडी एका नातेवाइकांना देऊन टाकली. महिनाभराने फाइल उघडली, तर गाणं नाहीच. प्रत्येक फाइल अवघी 44 बाइटची. ती सीडी पुन्हा मिळाली नाही.

गाण्याच्या सीडीवर फायली नसतातच. फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 मध्ये ठरवलेल्या नियमानुसार आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजला जातो, डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा, आणि प्रत्येक माप 16 बिटांच्या आकड्यात लिहिलं जातं. हे आकडे मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या एकाच लांब सर्पिल रेषेत बसवलेले असतात. कॉम्प्युटरला दिसलेल्या त्या 44 बाइटच्या फायली म्हणजे कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची अनुक्रमणिका. पुस्तकाची अनुक्रमणिका उतरवून पुस्तक हाती येत नाही. गाणं हवं तर सगळे आकडे नव्याने वाचून घ्यावे लागतात. त्यालाच रिप करणं म्हणतात.

वाचताना खरी अडचण येते ती ओरखड्यांची. सीडीवर सेकंदाला 75 तुकडे, प्रत्येक 2,352 बाइटचा. डेटाच्या सीडीत यातले 2,048 बाइटच माहितीला मिळतात आणि उरलेल्यांत पत्ता आणि चूक सुधारण्याची जादा तजवीज असते. गाण्याच्या सीडीत ती जादा तजवीज नाही. मूळची दुरुस्ती व्यवस्था बऱ्याच चुका निस्तरते. ती जिथे हरते तिथे प्लेअर आजूबाजूचे आकडे पाहून मधला अंदाजाने भरतो. ऐकताना ते सहसा कळतही नाही. पण रिप करताना तोच अंदाज तुमच्या प्रतीत कायमचा लिहिला जातो.

म्हणून साध्या प्लेअरवर भागवू नये. जर्मनीतल्या आंद्रे वीथॉफ यांनी 1998 मध्ये आणलेला ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम घरगुती वापरासाठी फुकट आहे. तो प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचतो. दोन वाचनं जुळली नाहीत तर पुन्हा पुन्हा वाचतो. शेवटी ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या सोयीतून तुमची प्रत त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून बघता येते. आत्याच्या सीडीवर उत्तर आलं: नोंद नाही. साहजिकच होतं, तरी ते वाचून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

आणि नेमक्या याच सीड्या आधी जातात. कंपनीच्या सीडीत खड्डे प्लास्टिकमध्येच ठसवलेले असतात, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर. घरी राइट केलेल्या सीडीत मात्र रासायनिक रंगाचा थर असतो. त्यावर लेझरने खुणा केलेल्या. ऊन आणि उष्णता यांनी हा रंग बिघडतो, आणि माळव्यातल्या मे महिन्यात माळा किती तापतो ते इंदूरकरांना सांगायला नको. त्यात हा थर असतो वरच्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली. बॉलपेनचं टोक तिथेच रुततं. खालच्या बाजूचा ओरखडा त्या मानाने सोसतो, कारण मध्ये 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे. पुसायचं झालं तर मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसू नये. रेषेच्या दिशेने पडलेला चरा दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातो.

उतरवताना ‘फ्लॅक’ निवडा. आकार साधारण निम्मा होतो आणि एकही आकडा हरवत नाही. एमपीथ्री लहान असते, पण ती आवाजातलं काही टाकून देते, शिवाय फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता जोडते. मैफलीच्या सीडीवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असलं, तर पुष्कळ प्लेअरवर त्या सांध्यात हिसका बसतो. ज्या गावात अमीर खाँसाहेबांची संथ बढत लोकांनी समोर बसून ऐकली, तिथे हे खपवून घेऊ नये. प्रती दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खासगी वापराला सवलत आहे. विकतच्या सीडीची प्रत गावभर वाटायला नाही.

राहता राहिली नावं. सीडीवर गाण्यांची नावं सहसा नसतात. प्रोग्रॅम ट्रॅकांच्या लांबीवरून ‘म्युझिकब्रेन्झ’सारख्या सूचीत ती शोधतो. आपल्या संगीताची तिथे आबाळ आहे: राग एकीकडे, गायक दुसरीकडे, एकाच नावाची चार स्पेलिंगं. इंदूरजवळ पिगडंबरला सुमन चौरसियांनी लता मंगेशकरांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डांचं संग्रहालय उभं केलं आहे. रेकॉर्डच्या लेबलावर निदान गायकाचं नाव छापलेलं असतं. घरच्या सीडीला बॉलपेनच्या तीन शब्दांपलीकडे काही नाही, आणि ते लिहिणारे बाबा आता नाहीत.

म्हणून पुण्याला आत्याला फोन लावला आणि एकेक ट्रॅक ऐकवत गेलो. तिने राग सांगितले, तबलजी ओळखले, मंडप कुठे होता ते सांगितलं. मी फायलींना नावं देत गेलो. सहाव्या ट्रॅकवरची पेटी कोणाची, हे मात्र तिला आठवेना. ‘‘माझी मैत्रीण आहे ना तिकडे इंदूरच्या लोकमान्य नगरात, ती त्या दिवशी तंबोऱ्यावर होती. तिला विचार,’’ म्हणाली. रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन तिच्याकडे जायचं ठरलं आहे.