रस्ता वर, वाघोबा खाली!

बालमित्रांनो, रस्ता ओलांडताना तुम्ही काय करता? आधी उजवीकडे बघता, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे आणि मगच पाऊल टाकता. हो ना? पण हरणाच्या पाडसाला हे कोण शिकवणार?

नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचं ठरलं, तेव्हा मोठाच पेच पडला. वाघाचा बच्चा दोनेक वर्षांचा झाला, की आईला सोडून स्वतःचं राज्य शोधायला निघतो. त्याची वाटच तुटली, तर? वाघ एकाच जंगलात अडकतील, नात्यातल्या नात्यातच पिल्लं होतील आणि वंश दुबळा होत जाईल.

अशा वेळी बोलवावं लागतं जंगलाच्या डॉक्टरांना, म्हणजे परिसरशास्त्रज्ञांना. कारखाना असो, धरण असो की रस्ता, हे लोक आधी ती जागा पायांखाली घालतात. पाऊलखुणा, विष्ठा, घरटी, पाणवठे, सगळं टिपून ठेवतात. कोण कुठून ये-जा करतं, याचा नकाशा काढतात. मग सांगतात, ‘इथली झाडं राखा, तिथे वाट सोडा.’ पेंचमध्ये हे काम केलं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने.

मग महाराष्ट्रातल्या भागात ९ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवल्या गेल्या. सगळ्यांत लहान ५० मीटरची, तर सगळ्यांत मोठी तब्बल ७५० मीटरची! वरून ट्रक धावणार आणि खालून चितळांचे कळप जाणार.

पण प्राणी तिथून जातात हे कळणार कसं? त्यासाठी खाली कॅमेरे बसवले. २०१९ मध्ये त्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. पहिला नंबर चितळांचा. आणि वाघ? वेगवेगळे ११! वेगवेगळे कशावरून म्हणता? अहो, आपल्या बोटांचे ठसे जसे निराळे, तसेच प्रत्येक वाघाचे पट्टेही निराळे असतात बरं का!

अशा वाटा बांधायला पैसा जास्त लागतो, हे खरं. पण एकदा तुटलेलं जंगल पुन्हा सांधणं त्याहून कितीतरी अवघड.

तुमच्या शाळेच्या आवारातही कुणीकुणी राहत असेल. खारी, सरडे, मुंग्या, बुलबुल... एक वही घ्या आणि महिनाभर नोंदी ठेवा. उद्या तिथे नवी भिंत बांधायची ठरली, तर ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जाल ना?